सहा ठिपक्यांची लिपी

डोळे मिटून तुम्हांला हे पान वाचता येईल का? नाही ना? पण बोटांनी वाचणारी मुले आहेत. त्यांना ही लिपी देणाऱ्या लुई ब्रेलची ओळख आज करून घेऊ.

लुईचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्समधील कूव्रे या खेड्यात झाला. त्याचे वडील घोड्यांची खोगिरे तयार करीत. लुई तीन वर्षांचा असताना वडिलांची आरी घेऊन खेळत होता. आरी म्हणजे चामड्याला भोक पाडण्याचे टोकदार हत्यार. ती निसटली आणि डोळ्यात घुसली. जखम चिघळली व दुसरा डोळाही गेला.

त्या काळी खेड्यातल्या अंध मुलांना सहसा शाळेत घेत नसत. परंतु गावचे धर्मगुरू पाल्युई यांनी लुईची हुशारी ओळखली. त्यांनी त्याला आधी स्वतः शिकवले आणि मग गावच्या शिक्षकांकडे शब्द टाकला. शिक्षकांनी त्याला डोळस मुलांबरोबर बसवले. लुई लक्ष देऊन ऐके व सारे लक्षात ठेवी. तो वर्गात चमकू लागला. मात्र इतर मुले पुस्तक उघडत, तेव्हा तो नुसता बसून राही. वर्गात जागा मिळाली होती, पण पुस्तक मिळाले नव्हते.

१८१९ मध्ये तो पॅरिसच्या अंधशाळेत गेला. तेथील पुस्तकांत मोठी, उठावाची अक्षरे होती. ती हळूहळू वाचता येत, पण लिहिता येत नसत. पुढे बार्बिए नावाच्या लष्करी अधिकाऱ्यांची १२ ठिपक्यांची लिपी शाळेत आली. पण इतके ठिपके बोटाखाली मावेनात. लुईने ते सहावर आणले. १८२४ मध्ये, अवघ्या पंधराव्या वर्षी, त्याची लिपी तयार झाली. सहा ठिपक्यांपासून ६३ चिन्हे होतात.

पुढे लुई ब्रेल त्याच शाळेत शिक्षक झाले. १८४० मध्ये आलेल्या नव्या संचालकांनी या लिपीवर बंदी घातली. तरी मुले ती चोरून वापरत राहिली. अखेर बंदी उठली. ६ जानेवारी १८५२ रोजी क्षयरोगाने ब्रेल वारले. १८५४ मध्ये लिपीला मान्यता मिळाली. ती पाहायला ते राहिले नव्हते.

तुम्ही उर्दू उजवीकडून लिहिता आणि मराठी डावीकडून. ब्रेलमध्ये मात्र दोन्ही भाषा डावीकडूनच वाचतात. उर्दूचा ‘बे’ आणि मराठीचा ‘ब’ यांचे ठिपकेही एकच आहेत.

उद्या तुमच्या वर्गात एखादा अंध विद्यार्थी नवा आला, तर त्याला आधी आपले नाव सांगा. फळ्यावरचे मोठ्याने वाचून दाखवा. चालताना त्याला ओढू नका. आपला हात पुढे करा, तो तुमचे कोपर धरील. आणि त्याचे पुस्तक त्याला मिळाले आहे का, हे विचारायला विसरू नका.