मेरी मॅक्लाउड बेथून

अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यात, मेझव्हिल गावानजीक, १० जुलै १८७५ रोजी एका कृष्णवर्णीय शेतकऱ्याच्या घरी मेरीचा जन्म झाला. सतरा भावंडांत ती पंधरावी. तिचे आईबाप पूर्वी गोऱ्या मळेवाल्यांचे गुलाम होते. १८६५ साली गुलामगिरी उठली तेव्हा त्यांची सुटका झाली. ज्या लोकांची मुलेबाळे गुरांप्रमाणे विकली जात, त्यांच्या वाडवडिलांची हकिकत कोण लिहून ठेवणार?

लहानपणी आईबरोबर एका गोऱ्यांच्या घरी गेली असता मेरीने एक पुस्तक उचलले. वाचणे हे तुझ्यासारखीचे काम नव्हे, असे बजावून तेथील मुलीने ते काढून घेतले. हा घाव मेरी कधी विसरली नाही. परंतु त्यातून द्वेष न उपजता विद्येची तहान उपजली. प्रेस्बिटेरियन मिशनच्या शाळेत ती मैलोगणती पायी जाई, आणि शिकलेले घरी येऊन इतरांस शिकवी. पुढे शिकागो येथे मूडीसाहेबांच्या शाळेत पवित्र शास्त्राचे शिक्षण घेऊन आफ्रिकेत मिशनरी म्हणून जाण्यास ती सिद्ध झाली. परंतु मिशनच्या मंडळाने कृष्णवर्णीयांस तेथे जागा नाही म्हणून तिला नाकारले. तेव्हा स्वदेशातील आपल्याच लोकांत काम करण्याचा तिने निश्चय केला. १८९८ साली विवाह होऊन ती बेथूनबाई झाली.

१९०४ साली बाईंनी फ्लॉरिडातील डेटोना येथे मुलींची शाळा उघडली. जवळ दीड डॉलर, आणि विद्यार्थिनी अवघ्या पाच. खोक्यांची बाके, कोळशाची लेखणी व रानफळांच्या रसाची शाई केली. रताळ्याच्या गोड पोळ्या विकून पैसा उभा केला. कृष्णवर्णीय रोग्यांस धड उपचार मिळेनात, म्हणून १९११ साली रुग्णालय काढले. १९२० साली स्त्रियांस मताधिकार मिळाल्यावर आपल्या लोकांनी मत द्यावे म्हणून बाई त्यांस तयार करू लागल्या. तेव्हा बुरखाधारी गोऱ्यांची टोळी शाळेवर चालून आली. पण बाई डगमगल्या नाहीत. १९२३ साली ही शाळा दुसऱ्या एका विद्यालयास जोडली गेली. पुढे तिचेच विद्यापीठ झाले.

परंतु ज्या मुलांस आपल्या पूर्वजांची केवळ गुलाम म्हणून ओळख, ती मान वर कशी करणार, हे बाई जाणून होत्या. कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा अभ्यास करणारी संस्था कार्टर वुडसन यांनी १९१५ साली स्थापिली होती; १९३६ साली बाई तिच्या पहिल्या स्त्री-अध्यक्षा झाल्या. विद्वानांचे ग्रंथ गरिबांच्या शाळेपर्यंत पोहोचत नाहीत, हे पाहून त्यांनी आग्रह धरिला. त्यामुळे १९३७ साली मुले व सामान्य जन यांजकरिता इतिहासाचे सोपे मासिक निघाले. स्वतः स्थापिलेल्या स्त्रियांच्या राष्ट्रीय मंडळाकडून कृष्णवर्णीय स्त्रियांची कागदपत्रे जपण्याचे कामही त्यांनी सुरू करविले.

१८ मे १९५५ रोजी बाईंचा अंत झाला. शाळेच्या आवारातच त्यांस मूठमाती दिली. २०२२ साली फ्लॉरिडा राज्याच्या वतीने त्यांचा संगमरवरी पुतळा अमेरिकेच्या संसदभवनात उभारण्यात आला.

वाचकहो, इस्राएल लोकांस मिसरातील दास्य व त्यातून झालेली सुटका मुलाबाळांस सांगत राहण्याची आज्ञा होती. बेथूनबाईंनी आपल्या लोकांकरिता तेच केले. आपल्या मंडळीतील वृद्धांची हकिकत कोणी लिहून ठेविली आहे काय?