कै. खाशाबा जाधव : पदक आणि कात्रणे

मलप्रभेचा उगम असलेल्या कणकुंबीपासून पंचगंगेच्या आणि कृष्णेच्या काठापर्यंतचा मुलूख तालमींचा. याच मुलखातील बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले व एकोणिसावे आले. त्यानंतर बत्तीस वर्षांनी कृष्णाकाठच्या एका मल्लाने स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. ते मल्ल म्हणजे खाशाबा दादासाहेब जाधव.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. कुस्तीचे पहिले धडे घरातच मिळाले. कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमधून ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले. अंगयष्टी लहान, पण चपळाई विलक्षण. लाल मातीत घडलेला हा मल्ल १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये मॅटवर उतरला आणि फ्लायवेट गटात सहावा आला.

१९५२ साली हेलसिंकीला जाण्याची वेळ आली तेव्हा खरी कुस्ती पैशांशी झाली. वर्गणीसाठी दारोदार फिरावे लागले. तरीही रक्कम पुरेना, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. बँटमवेट गटात कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना नमवून खाशाबांनी कांस्यपदक पटकावले. ते परतले तेव्हा कऱ्हाडहून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. सत्कारांचे हार सुकण्यापूर्वीच त्यांनी कुस्त्या भरवून प्राचार्यांचे घर सोडवण्याची खटपट आरंभली. या पदकाच्या मोलाइतकेच मोल या कृतज्ञतेचे आहे.

पुढे १९५५ साली ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले आणि सहाय्यक पोलीस आयुक्तपदापर्यंत पोहोचले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. भारताच्या पुढच्या वैयक्तिक पदकासाठी देशाला १९९६ पर्यंत वाट पाहावी लागली. खाशाबांना अर्जुन पुरस्कार लाभला तोही मरणोत्तर. दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांत कुस्तीच्या क्रीडागृहाला त्यांचे नाव देण्यात आले आणि १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिन महाराष्ट्राने राज्य क्रीडा दिन म्हणून स्वीकारला.

तथापि २०१७ साली एक वेगळीच बातमी आली. गोळेश्वरात त्यांच्या नावाने उभारावयाची कुस्ती प्रबोधिनी अनेक वर्षे रखडल्याने, ती उभी करण्यासाठी पदकाचा लिलाव करण्याचा मनोदय कुटुंबीयांनी जाहीर केला. अनेकांना धक्का बसला. पण तो पदक विकले जाण्याच्या कल्पनेने बसला, की दिलेला शब्द राहून गेल्याच्या जाणिवेने, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. ज्या घराने पदक जपले त्या घराचा त्यावरील अधिकार निर्विवाद आहे. समाजाचा अधिकार मात्र समाजाने कर्तव्य बजावल्यानंतरच सुरू होतो.

पदकाला निदान बोली तरी लागते. जुन्या मल्लांच्या घरी वह्यांत चिकटवलेली वर्तमानपत्रांची कात्रणे, फडांच्या जाहिराती आणि प्रशस्तिपत्रे यांना कोणी बोली लावत नाही. वह्या ट्रंकेत पडून राहतात आणि घर बदलताना रद्दीत जातात. परंतु कोण कोणाशी लढला, इनाम किती होते, वर्गणी कोणी दिली, हे त्या कागदांवाचून कळत नाही. खर्डेकरांच्या गहाण घराची हकीकत काढून घेतली तर हेलसिंकीचे पदक केवळ धातूचा तुकडा उरेल.

सीमाभागातील गावोगावच्या मल्लांच्या अशा वह्यांचे काय करावे, याचे उत्तर ग्रंथालयापाशी आहे. वहीतली कात्रणे सुटी न करता ती आहे तशी ठेवावी. छायाचित्रातील माणसांची नावे, ओळखणारे हयात आहेत तोवर लिहून घ्यावीत. नक्कल ग्रंथालयात राहावी आणि मूळ वही, घरच्यांची तशी इच्छा असल्यास, घरीच राहावी. खाशाबांनी आपल्यावरचे ऋण ओळखून ते फेडण्याची धडपड केली. त्यांच्यासारख्यांचे ऋण ज्यांच्यावर आहे त्यांनी निदान त्याची नोंद तरी जपावी.