मातीत जीवाचे मूळ शोधणारे शास्त्रज्ञ : जे. डी. बर्नाल

आपल्या तापीकाठची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या पावसात फुगते. तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट या चिकणमातीच्या खनिजाचा हा गुण आहे. पृथ्वीवर जीव निर्माण होण्यास चिकणमातीचा हातभार लागला असावा, हा विचार जॉन डेस्मंड बर्नाल यांनी मांडला.

बर्नाल यांचा जन्म १० मे १९०१ रोजी आयर्लंडमधील नीना या गावी झाला. उच्च शिक्षण केंब्रिजला झाले. क्ष-किरणांच्या साहाय्याने स्फटिकांची रचना शोधणे हा त्यांचा विषय. १९३४ मध्ये त्यांनी व डोरोथी क्रोफुट यांनी पेप्सिन या प्रथिनाचा स्फटिक वाळू न देता त्याचे क्ष-किरण छायाचित्र घेतले. प्रथिनांच्या रचनेचा मार्ग तेथून खुला झाला.

प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळ्या. त्या प्रथम जुळल्या कशा? समुद्राच्या अफाट पाण्यात हे रेणू विरळ असणार. शिवाय दोन अमिनो आम्ले जोडली जाताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. म्हणून भोवती पाणीच पाणी असले की जोड होणे कठीण. १९४७ च्या एका व्याख्यानात बर्नाल यांनी उत्तर सुचविले. खेडोपाडी विखुरलेले ग्राहक व विक्रेते आठवड्याच्या बाजारात एकत्र येतात, तसे हे रेणू चिकणमातीच्या पातळ थरांना चिकटून एकवटले असावेत.

हा तर्कच होता. मात्र १९७० मध्ये इस्रायलमध्ये काचाल्स्की व सहकाऱ्यांनी आधी सक्रिय केलेल्या अमिनो आम्लांपासून मॉन्टमोरिलोनाइटवर लांब साखळ्या तयार केल्या. निसर्गात ती सक्रियता कोठून आली, हा प्रश्न उरतोच.

बर्नाल कट्टर साम्यवादी होते. त्या निष्ठेपायी त्यांनी लायसेंकोच्या चुकीच्या आनुवंशशास्त्राची पाठराखण केली. हा त्यांच्या कीर्तीवरील डाग होय. आपल्या दा. ध. कोसंबींवर १९६६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात मृत्युलेख लिहिणारेही तेच. त्यांचे शिष्य पेरुट्झ यांना १९६२ मध्ये व क्रोफुट-हॉजकिन यांना १९६४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. गुरूंना मात्र ते कधीच लाभले नाही.

१५ सप्टेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. पायाखालच्या मातीला एवढा मोठा प्रश्न विचारण्याचे धैर्य त्यांनी दाखविले. आपण विद्यार्थ्यांनी घ्यायचे ते हेच.