गानहिरा हिराबाई बडोदेकर

आपल्या मंडळात एकादशीला भजन होते. एकजण पेटीवर बसते, बाकीच्या टाळ धरतात, एखादी नवी सून जरा पुढे सरकून अभंग म्हणते आणि तिच्या सासूबाई मान डोलावतात. गणेशोत्सवात आपल्या मुली मांडवात चार लोकांसमोर गातात व त्यांचे वडील कौतुकाने ऐकतात. यात कोणाला काही वावगे वाटत नाही. पण भगिनींनो, शंभर वर्षांपूर्वी असे नव्हते. ओव्या, मंगळागौरीची गाणी, पाळणे हे सारे बायका म्हणत, पण ते घरातल्या घरात. गाणे शिकून सभेत बसून गाणारी बाई म्हटली की लोक नाक मुरडत. चांगल्या घरच्या मुलीने गाऊ नये आणि चांगल्या घरच्या बाईने असे गाणे ऐकायला जाऊ नये, असा दंडक होता. हा दंडक ज्यांनी मोडला, आणि तोही कोणाशी न भांडता मोडला, त्या हिराबाई बडोदेकर यांची हकीकत आज सांगायची आहे.

हिराबाईंचा जन्म 30 मे 1905 रोजी मिरजेस झाला. मिरज हे तंबोऱ्यांचे गाव. तिथले तंबोरे आजही देशभर जातात. वडील उस्ताद अब्दुल करीम खाँ. किराणा घराण्याचे हे थोर गवई एकेकाळी बडोद्याच्या दरबारी गायक होते. आई ताराबाई माने या बडोद्याच्या सरदार घराण्यातल्या. त्या खाँसाहेबांकडे गाणे शिकत. दोघांची मने जुळली. धर्म वेगळा, घराण्याची पायरी वेगळी, तेव्हा बडोद्यात राहणे शक्यच नव्हते. दोघांनी बडोदे सोडले आणि पुढे मिरजेस संसार मांडला. त्यांना पाच मुले झाली. हिराबाईंचे पाळण्यातले नाव चंपाकली. घरात त्यांना चंपूताई म्हणत.

खाँसाहेबांनी गाण्याची शाळा काढली. घरात उठल्यापासून निजेपर्यंत सूर. मुलांच्या कानावर दुसरे काही पडतच नव्हते म्हणा ना! पण संसारात मात्र सूर राहिला नाही. 1920 च्या आसपास ताराबाई पाचही मुलांना घेऊन नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या. क्षणभर डोळे मिटून त्यांची स्थिती मनात आणा. माहेर कधीच तुटलेले, सासर असे नव्हतेच, हाताशी पाच मुले आणि काळ तो! अशा वेळी पुष्कळजणी खचल्या असत्या. ताराबाईंनी मुलांना नवी नावे दिली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीची हिरा झाली, गुलाबची कमला झाली, सकिनाची सरस्वती झाली. धाकट्या मुलाचे नाव कृष्णराव. मुलींनी बडोदेकर हे आडनाव लावले. ज्या गावाने आईला थारा दिला नाही, त्याच गावाचे नाव मुलींनी पुढे साऱ्या देशात गाजवले.

हिराबाईंचे पहिले गुरू म्हणजे थोरले बंधू सुरेशबाबू. ते फार विद्वान आणि मृदू स्वभावाचे गवई होते. पुढे किराणा घराण्यातलेच उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांची कडक तालीम मिळाली. खाँसाहेबांना ऐकू कमी येई, म्हणून लोक त्यांना बहिरे वहीद खाँ म्हणत. पण स्वराच्या बाबतीत त्यांच्याइतका जागरूक कान दुसरा नव्हता. किराणा घराण्याची रीत अशी की राग घाईने मांडायचा नाही. एकेक स्वर घ्यायचा, त्याला गोंजारायचे, त्याच्यावर थांबायचे, मग पुढच्या स्वराकडे जायचे. आपण मोदकाच्या पाकळ्या एकेक करून काढतो, घाई केली तर सगळाच मोदक फुटतो, तसेच हे. हिराबाईंनी हा संयम अंगी मुरवला.

1921 साली मुंबईत पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या गांधर्व महाविद्यालयाचा मोठा समारंभ होता. तेथे हिराबाई पहिल्यांदा मोठ्या सभेत गायल्या. वय अवघे सोळा. पलुस्करांनी जन्मभर एकच ध्यास घेतला होता, की गाण्याला समाजात मान मिळावा. त्यांच्या व्यासपीठावर या मुलीला बसायला मिळाले, हा चांगला योग म्हणायचा. तिथून हिराबाईंचे नाव होऊ लागले.

आता मुख्य गोष्ट सांगते. त्या काळी बायका गात नव्हत्या असे नाही. उत्तमोत्तम गाणाऱ्या होत्या. पण त्यांचे गाणे व्हायचे ते संस्थानिकांच्या दरबारी किंवा धनिकांच्या दिवाणखान्यात. बोलावणारा पुरुष, ऐकणारे पुरुष, आणि बिदागी द्यायची ती यजमानाच्या मर्जीने. हिराबाईंनी थिएटरात तिकीट लावून जलसे करायला सुरुवात केली. स्त्रीने अशी जाहीर मैफल करण्याची प्रथा त्यांनीच पाडली, असे मानले जाते. तिकीट म्हटले की आपल्याला नुसता पैशाचा व्यवहार वाटतो. पण त्याचा अर्थ फार मोठा होता. ज्याने तिकीट काढले तो ऐकायला आला. गाणारी कोणाची आश्रित उरली नाही आणि ऐकणाऱ्याला मालकी मिळाली नाही. शिवाय तिकीट कोणीही काढू शकतो, म्हणजे नवऱ्याबरोबर बायकोही येऊ शकते. हळूहळू सभागृहात बायकांच्या रांगा दिसू लागल्या.

हे जमले ते हिराबाईंच्या वागण्यामुळे. त्या मैफलीला येत त्या आपल्यातल्याच एखाद्या घरंदाज बाईसारख्या. साधे नेसणे, दोन्ही खांद्यांवरून नीट घेतलेला पदर, मोजके दागिने. तंबोऱ्यांच्या मध्ये शांत बसायचे, हातवारे नाहीत, तोंड वेडेवाकडे करणे नाही, डोळ्यांचे विभ्रम नाहीत. जे सांगायचे ते गळ्यातून. आवाज गोड, स्वच्छ आणि सुरात पुरा बुडालेला. ऐकणाऱ्याला वाटे, घरच्या देवापुढे बसून कोणी गात आहे. टीका करायला आलेल्यांना टीका करायला जागाच उरली नाही. लोकांचे तोंड बंद करण्याचे दोन मार्ग असतात. एक भांडणाचा, दुसरा आपल्या वागणुकीचा. दुसरा फार कठीण, कारण त्यात रोज स्वतःलाच जपावे लागते. इथे मनात एक प्रश्न येतो. पुरुष गवई कसाही बसला, कसाही वागला तरी त्याच्या गाण्याचीच चर्चा होई. बाईला मात्र गाण्याआधी आपला पदर तपासून घ्यावा लागे. हा अन्याय होता यात शंका नाही. पण हिराबाईंनी तो भार उचलला, म्हणून पुढच्या मुलींचा भार हलका झाला.

त्यांचे दुसरे मोठे धाडस नाटकाचे. तेव्हा रंगभूमीवर स्त्रियांच्या भूमिका पुरुष करीत. बालगंधर्वांची रुक्मिणी, सुभद्रा यांवर सारा महाराष्ट्र लुब्ध होता, त्यांचे शालू आणि अंबाडा पाहून बायका आपली वेशभूषा ठरवीत. अशा काळात ताराबाईंनी 1929 साली नूतन संगीत विद्यालयाची नाटक मंडळी उभी केली. तीत हिराबाई, कमलाबाई व सरस्वतीबाई या सख्ख्या बहिणी पुरुष नटांबरोबर स्त्रियांच्या भूमिका करू लागल्या. ‘सौभद्र’ नाटकात खरी बाई सुभद्रा झाली! आज आपल्याला यात नवल वाटत नाही, पण तेव्हा याची केवढी चर्चा झाली असेल, याची कल्पना करा.

नाटक मंडळी चालवणे म्हणजे मोठा खटाटोप. पडदे, कपडे, नटांचे पगार, गावोगावचे मुक्काम, सगळाच खर्च. त्यातच बोलपट आले आणि नाटकांचे दिवस फिरले. मंडळी बंद करावी लागली व डोक्यावर कर्ज राहिले. तेव्हा हिराबाईंनी गावोगाव जलसे करून कर्जाची फेड केली. घरात कर्ज असले म्हणजे रात्री झोप कशी लागत नाही, हे आपल्यापैकी पुष्कळजणींना सांगायला नको. हिराबाईंची दगदग किती झाली असेल! पण मैफलीला बसल्या की त्यांच्या सुरात चिंतेचा लवलेश येत नसे, असे जुने ऐकणारे सांगत. त्यांनी बोलपटांतही कामे केली. 1937 सालच्या ‘प्रतिभा’ चित्रपटात त्या होत्या. पण मन रमले ते मैफलीतच. त्याच वर्षी वडील अब्दुल करीम खाँ यांचे निधन झाले. मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे, आणि त्यांच्या स्मरणार्थ तिथे दरवर्षी गवई हजेरी लावतात.

ज्या बायकांना जलशाला जाता येत नव्हते, त्यांच्यापर्यंतही हिराबाई पोचल्या. ग्रामोफोनच्या तबकड्या निघाल्या. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचे गाणे. एवढ्या वेळात रागाचे पुरे रूप उभे करायचे म्हणजे वाटीत समुद्र भरायचा! हिराबाईंना ते साधले. 1927 साली मुंबईस रेडिओ केंद्र सुरू झाले, आणि त्यांचा आवाज थेट माजघरात आला. ख्याल, ठुमरी, नाट्यगीत, भावगीत, भजन असे सारे त्या गात. त्यामुळे शास्त्र समजणाऱ्यालाही त्या आवडत, आणि पोळ्या लाटता लाटता ऐकणाऱ्या बाईलाही. गाणे सोपे करून त्यांनी ते कधी हलके केले नाही, हे त्यांचे मोठेपण.

मानसन्मान पुष्कळ मिळाले. सरोजिनी नायडूंनी त्यांना गानकोकिळा म्हणून गौरविले. 1947 साली स्वातंत्र्य मिळाले तेव्हा दिल्लीत ‘वंदे मातरम्’ गाण्याचा मान त्यांना मिळाला. भारतीय कलावंतांच्या पथकातून त्या चीन व पूर्व आफ्रिकेलाही जाऊन आल्या. 1965 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि 1970 साली पद्मभूषण मिळाले. ज्या मुलीच्या गाण्याला लोकांनी नावे ठेवली असती, तिला देशाने मानाचे पान दिले.

दुःखेही वाट्याला आली. 1953 साली सुरेशबाबू गेले. भाऊ आणि गुरू एकाच दिवशी गेल्यासारखे झाले. पण गाणे थांबले नाही. धाकट्या सरस्वतीबाई राणे 1943 सालच्या ‘रामराज्य’ चित्रपटातील गीतामुळे घरोघरी पोचल्या होत्या. या दोघी बहिणींनी एकत्र बसून जुगलबंदी गायला सुरुवात केली. बायकांनी अशी ख्यालाची जुगलबंदी करणे हेही नवेच होते. आणि ही जुगलबंदी कशी, तर एकीने दुसरीवर मात करण्याची नव्हे. थोरलीने एक जागा घ्यावी, धाकटीने ती पुढे न्यावी, जशा दोघी मिळून एकच रांगोळी भरतात.

सुरेशबाबू आणि हिराबाई यांच्याकडे शिकलेल्या प्रभा अत्रे पुढे थोर गायिका झाल्या. 2022 साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि 2024 च्या जानेवारीत त्या गेल्या. हिराबाईंच्या मागोमाग केवढ्याजणी आल्या! आज मुली संगीताच्या परीक्षा देतात, महोत्सवात गातात, रेडिओवर आणि टीव्हीवर गातात. त्यांतल्या कितीकींना हिराबाईंचे नावही ठाऊक नसेल. वाट मळली की ती पहिल्यांदा कोणी पाडली हे विसरायला होते, तशातलाच हा प्रकार.

20 नोव्हेंबर 1989 रोजी पुण्यात हिराबाईंचे निधन झाले. त्यांच्या जुन्या तबकड्यांतले गाणे आता फोनवरही ऐकू येते. थोडी खरखर असते, पण त्या खरखरीतून तो सूर वर येतो आणि हातातले काम जागच्या जागी थांबते.

भगिनींनो, हे सारे सांगण्याचा हेतू एवढाच. घरात आजही असे दिसते, की मुलगी लहान असताना आपण तिला हौसेने गाण्याच्या क्लासला घालतो, बक्षीस मिळाले की शेजारीपाजारी पेढे वाटतो. लग्न झाले की मात्र तिचा तंबोरा माळ्यावर जातो आणि पेटीवर इस्त्रीचे कपडे ठेवले जातात. कोणी मनाई करते असे नाही. वेळ नाही एवढेच कारण होते. आपल्यातल्याही काहीजणी अशाच गाणे विसरल्या आहेत. ज्या गोष्टीसाठी हिराबाईंना इतके सोसावे लागले, ती आपल्याला आयती मिळाली, आणि आपण ती अशी अडगळीत टाकावी हे बरे नव्हे. तेव्हा या वर्धापन वर्षात आपण सगळ्यांनी एवढे करावे. आपल्या घरात सून किंवा मुलगी गाणारी असेल तर तिला दिवसातला अर्धा तास मोकळा करून द्यावा, त्या वेळात कुकरची शिट्टी आपण सांभाळावी. मंडळाच्या भजनात एक दिवस तिला एकटीला गाऊ द्यावे आणि आपण नुसते ऐकावे. हिराबाईंना याहून चांगली श्रद्धांजली दुसरी कोणती असणार?

— एक सभासद भगिनी