गरिबीला माप देणारा सातारकर : प्रा. वि. म. दांडेकर

दारिद्र्यरेषा हा शब्द आज ग्रामपंचायतीच्या यादीपासून संसदेतील चर्चेपर्यंत सर्वत्र वापरला जातो. एखादे कुटुंब या रेषेच्या वर आहे की खाली, यावर त्याला मिळणारे धान्य, औषधोपचार आणि घरकुल अवलंबून राहत आले आहे. मात्र ही रेषा नेमकी कुठे आणि कशाच्या आधारे ओढायची, या प्रश्नाचे उत्तर अंदाजाऐवजी आकड्यांतून शोधणाऱ्या अभ्यासकांत एका सातारकराचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. ते नाव प्रा. विनायक महादेव दांडेकर यांचे.

६ जुलै १९२० रोजी साताऱ्यात जन्मलेल्या दांडेकरांची सर्वसामान्यांना असलेली ओळख अर्थतज्ज्ञ अशी आहे. मुळात ते संख्याशास्त्रज्ञ. पण त्यांची संख्या कधी कागदावर थांबली नाही. प्राथमिक शाळेचा हजेरीपट, कुळाचा सात-बारा, गरिबाच्या ताटातील उष्मांक आणि शेतकऱ्याच्या शिवारातील पीक या सर्वांची त्यांनी मोजणी केली आणि प्रत्येक मोजणीतून सरकारला विचारायचा एक प्रश्न तयार केला.

सातारकरांची देणगी, सातारचे संशोधन

दांडेकरांचे बहुतेक कार्य पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत घडले. या संस्थेचे सातारशी असलेले नाते जुने आहे. साताऱ्यातील नामवंत वकील रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून १९३० मध्ये ही संस्था उभी राहिली. काळे यांचे जामात धनंजयराव गाडगीळ हे तिचे पहिले संचालक. अर्थशास्त्राचे सिद्धांत विलायती पुस्तकांतून उचलण्यापेक्षा आपल्या परिसराची पाहणी करावी, ही गाडगीळांची दृष्टी होती. त्यामुळे संस्थेच्या आरंभीच्या प्रकाशनांतच सातारा जिल्ह्याला स्थान मिळाले. वाई तालुक्यातील शेतीकडे व्यवसाय म्हणून पाहून तिचा जमाखर्च मांडणारी पाहणी १९४० मध्ये प्रसिद्ध झाली. शेतकऱ्याच्या कष्टाला खर्चाच्या रकान्यात स्थान देण्याचा विचार त्या काळात नवा होता.

१९४५ मध्ये दांडेकर या संस्थेत दाखल झाले. पुढील पस्तीस वर्षे त्यांचे आणि संस्थेचे नाव जोडलेले राहिले. गाडगीळ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाल्यानंतर १९६६ मध्ये संचालकपदाची धुरा दांडेकरांकडे आली आणि १९८० पर्यंत त्यांनी ती सांभाळली.

गाडगीळ आणि दांडेकर या गुरु-शिष्यांच्या नावावर असलेला सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाचा ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. १९४९ पर्यंत सातारा जिल्हा आजच्यापेक्षा बराच मोठा होता. वाळवा, तासगाव, खानापूर हे आज सांगलीत असलेले तालुके त्या वेळी सातारा जिल्ह्यात होते. संस्थाने विलीन झाल्यानंतर दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे शाळांविषयीचे हे प्रश्न कृष्णाकाठच्या दोन्ही जिल्ह्यांचे होते.

प्रश्न साधा, पण शिक्षणखात्याला अडचणीत टाकणारा होता. पटावर नाव असलेले मूल खरोखर साक्षर होते काय? शाळा सोडून काही वर्षे लोटल्यावर त्याला वाचता-लिहिता येते काय? पहिलीत दाखल झालेल्यांपैकी चौथीपर्यंत किती पोहोचतात आणि किती जण त्याच वर्गात वर्षानुवर्षे बसून राहतात? शिक्षणशास्त्रात ज्यांना गळती आणि स्थगिती म्हणतात, त्या दोन व्याधींचे निदान येथे आकडेवारीने केले जात होते. चौथीपर्यंत पोहोचलेल्या मुलाची अक्षरओळख टिकण्याची शक्यता अधिक, त्याआधीच शाळा सुटलेल्याची कमी, हे या अभ्यासांतून ठसले. शाळांची आणि पटाची संख्या वाढली म्हणजे शिक्षण वाढले, हा समज त्यामुळे डळमळीत झाला. पेरणीच्या हंगामात शाळा सोडून गुरांमागे जाणारे मूल हजेरीपटावर अनुपस्थित एवढेच दिसते. त्याच्यावर झालेला खर्च आणि त्याची वाया गेलेली वर्षे कोणत्याच रकान्यात येत नाहीत.

कायदा कागदावर, कूळ रस्त्यावर

पत्नी कुमुदिनी दांडेकर या स्वतः नामवंत लोकसंख्याशास्त्रज्ञ. या दांपत्याने पुणे जिल्ह्यातील जन्म आणि मृत्यू यांची केलेली पाहणी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. सार्वजनिक आरोग्याचे धोरण आखण्यासाठी घरोघरी जाऊन मिळविलेली अशी माहिती त्या काळात दुर्मीळ होती.

त्यानंतर १९५७ मध्ये दांडेकर आणि खुदानपूर यांनी मुंबई राज्यातील १९४८ च्या कूळकायद्याच्या अंमलबजावणीचा अहवाल सादर केला. कायद्याने कुळाला संरक्षण दिले होते. गावागावांतून मात्र कुळे जमिनीवरील हक्क स्वखुशीने सोडत असल्याच्या नोंदी होत होत्या. ही स्वखुशी कितपत खरी मानायची, असा सवाल या अहवालाने उभा केला. कायद्याचा मजकूर आणि कायद्याचा परिणाम यांतील अंतर मोजण्याची ही पद्धत पुढे दांडेकरांच्या साऱ्या लेखनाची खूण ठरली.

ताटातील उष्मांक

दांडेकरांना देशभर ओळख मिळाली ती १९७१ मध्ये. नीलकंठ रथ यांच्यासमवेत लिहिलेला भारतातील दारिद्र्याचा अभ्यास त्या वर्षी प्रसिद्ध झाला. गरिबी हटविण्याच्या घोषणेने निवडणूक गाजत असतानाच या दोघांनी गरीब किती, हे सांगितले. माणशी दररोज २,२५० उष्मांक देणारा आहार ज्या खर्चाच्या पातळीवर मिळतो, तेथे त्यांनी रेषा ओढली. १९६०-६१ च्या किमतींनुसार ही पातळी ग्रामीण भागात माणशी महिना सुमारे १५ रुपये आणि शहरात सुमारे साडेबावीस रुपये होती. या मापाने ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते.

या निष्कर्षाला आव्हान मिळाले तेही सातारच्याच मातीतून. खटाव तालुक्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे जागतिक कीर्तीचे संख्याशास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत त्यांनी रोममध्ये दीर्घकाळ संख्याशास्त्र विभागाचे प्रमुखपद भूषविले होते. निवृत्तीनंतर पुण्यात आल्यावर त्यांनी आहारशास्त्राच्या अंगाने निराळा विचार मांडला. निरोगी माणसाची उष्मांकांची गरज स्थिर नसते, ती दिवसागणिक बदलते आणि शरीर काही मर्यादेत कमी आहाराशी जुळवून घेते, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित मानला तर कुपोषितांची संख्या फुगते, असा त्यांचा आक्षेप होता.

१९८१ आणि १९८२ मध्ये हा वाद मुंबईच्या इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीच्या पानांवर रंगला. दारिद्र्य आणि कुपोषण या दोन निराळ्या गोष्टी आहेत, अशी दांडेकरांची भूमिका होती. आपण मोजतो ती शरीराची अवस्था नव्हे; पुरेसे अन्न विकत घेण्याची ऐपत आपण मोजतो, असे ते सांगत. वाद तांत्रिक होता, पण त्याचे परिणाम तांत्रिक नव्हते. सुखात्म्यांचे माप स्वीकारले तर कोट्यवधी माणसे कुपोषितांच्या गणतीतून बाहेर पडत होती. दांडेकरांचे स्वीकारले तर त्यांना काम आणि धान्य पुरविण्याची जबाबदारी सरकारवर येत होती. एकाच जिल्ह्यातील दोन सुपुत्र एकाच विद्येच्या आधारे परस्परविरोधी निष्कर्षांना पोहोचले, ही घटना आपल्या बौद्धिक इतिहासात आवर्जून नोंदविण्याजोगी आहे.

दारिद्र्यावर दांडेकर आणि रथ यांनी सुचविलेला उपाय ग्रामीण भागातील सार्वजनिक कामांचा होता. वाटण्यासाठी जमीन पुरेशी नाही, म्हणून हाताला काम द्या, असा त्यांचा तर्क. सांगली जिल्ह्यात याच दिशेचा प्रयोग त्याआधी होऊन गेला होता. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी साठच्या दशकात तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात मागेल त्याला काम देण्याची कल्पना राबवून पाहिली. १९७२ च्या दुष्काळाने तिची निकड पटविली आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. या कामांवर कोण येते, याची पाहणी पुढे कुमुदिनी दांडेकर यांनी मंजू साठे यांच्यासह केली. मजुरांत बहुसंख्य खरोखरीच गरीब घरांतील असल्याचे त्यांना आढळले. २००५ मध्ये केंद्राने केलेल्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव उभा होता.

विम्याचे गणित

सत्तरच्या दशकात दांडेकर पीक विम्याकडे वळले. त्या वेळी प्रत्येक शेतकऱ्याच्या शेताचे स्वतंत्र मूल्यमापन करून विमा देण्याचा प्रयोग सुरू होता. तो फसला. ३,११० शेतकऱ्यांकडून ४ लाख ५४ हजार रुपयांचा हप्ता जमा झाला आणि भरपाई द्यावी लागली ३७ लाख ८८ हजारांची. विम्याचा असा धंदा कोणतीही कंपनी फार काळ करू शकत नाही.

दांडेकरांनी १९७६ मध्ये निराळी रचना मांडली. एकेका शेताऐवजी संपूर्ण क्षेत्र हे एकक धरावे. त्या क्षेत्रात पीक कापणी प्रयोग घ्यावेत. सरासरी उत्पन्न ठरावीक पातळीखाली गेले तर तेथील सर्व विमाधारकांना सारख्याच दराने भरपाई मिळावी. यात खर्च कमी आणि लबाडीला वाव थोडा. कारण एकट्याने पीक बिघडवून भरपाई मिळविणे शक्य नव्हते. या योजनेचा आधार असलेल्या कापणी प्रयोगांची नमुना पद्धत विकसित करण्यात त्यांचे प्रतिपक्षी सुखात्मे यांचाच मोठा वाटा होता, हा योगायोग विलक्षण म्हणावा लागेल. सर्वसाधारण विमा महामंडळाने १९७९ मध्ये क्षेत्राधारित प्रायोगिक योजना सुरू केली. १९८५ ची सर्वंकष पीक विमा योजना आणि २०१६ ची प्रधानमंत्री पीक विमा योजना यांचा पायाही हीच कल्पना आहे.

सरासरीचे बळ आणि मर्यादा

१९८३ मध्ये महाराष्ट्र शासनाने प्रादेशिक असमतोलाचा शोध घेण्यासाठी दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. रस्ते, पाटबंधारे, शिक्षण, आरोग्यसेवा, पाणीपुरवठा अशा क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे, हे समितीने मोजले. १९८४ च्या अहवालात एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा निघाला. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के होता. अनुशेष हा शब्द तेव्हापासून महाराष्ट्राच्या राजकारणात कायमचा रुजला.

पण सरासरी बोलते तशी लपवतेही. जिल्हा हे एकक धरले की कराड आणि वाळव्याच्या उसाआड माण, खटाव, जत, आटपाडीचे कोरडे शिवार झाकले जाते. २०११ मध्ये नेमलेल्या विजय केळकर समितीने तालुका हे एकक धरले, त्यामागे हीच उणीव होती. पीक विम्यातही क्षेत्राची सरासरी चांगली निघाली की ज्याच्या एकट्याच्या शेतावर आपत्ती आली, तो क्षेत्राच्या हिशेबात भरपाईला पात्र ठरत नाही. सुखात्म्यांचा आक्षेपही अखेर सरासरीवरच होता. दांडेकरांच्या पद्धतीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा अशी एकाच ठिकाणी सापडते.

तरीही मर्यादा दिसण्यासाठी आधी माप असावे लागते. ते माप दांडेकरांनी दिले. त्यांनी १९७० मध्ये इंडियन स्कूल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी ही संस्था स्थापन केली. गोखले संस्थेतून निवृत्त झाल्यावर ते तेथे कार्यरत राहिले आणि १९८९ पासून संस्थेचे नियतकालिकही निघू लागले. ३० जुलै १९९५ रोजी त्यांचे निधन झाले. सुखात्मे १९९७ च्या जानेवारीत गेले.

आज आकड्यांची वाण नाही. पट, लाभार्थी आणि विमाधारक यांच्या संख्या क्षणात पडद्यावर उमटतात. पटावरच्या मुलाला वाचता येते काय, यादीबाहेरच्या घरी चूल पेटते काय आणि नुकसान झालेल्या शेतकऱ्याला भरपाई पोहोचते काय, हे प्रश्न मात्र सातारा-सांगलीच्या शाळांत आणि शिवारांत आजही विचारावेच लागतात. ते विचारण्याची रीत दांडेकरांनी घालून दिली आहे.