काउंट रम्फर्ड : उबेचा अभ्यासक

बेंजामिन थॉम्प्सन यांचा जन्म २६ मार्च १७५३ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत, वोबर्न गावी, शेतकरी कुटुंबात झाला. पितृछत्र बालपणीच हरपले. तेराव्या वर्षी ते दुकानात उमेदवारी करू लागले; विज्ञान शिकले ते मुख्यतः स्वप्रयत्नाने.

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात त्यांनी इंग्रजांसाठी हेरगिरी केली आणि पत्नी व तान्ह्या कन्येला मागे सोडून १७७६ मध्ये इंग्लंड गाठले. थोरांच्या चरित्रातील असा भाग झाकून ठेवावा, असे आम्हांस वाटत नाही.

पुढे ते बव्हेरियाच्या सेवेत गेले. सैनिकांना कोणते वस्त्र अधिक उबदार ठरेल, हा प्रश्न त्यांनी प्रयोगाने सोडविला. काचेच्या गोळ्यात तापमापी बसवून मधल्या पोकळीत ते निरनिराळे पदार्थ भरीत. उपकरण उकळत्या पाण्यात तापवून बर्फात ठेवीत आणि पारा ठरावीक अंशांपर्यंत उतरण्यास लागणारे सेकंद मोजीत. नुसत्या हवेत ५७६ सेकंद लागले, कापसात १,०४६, मेंढीच्या लोकरीत १,११८, तर सशाच्या लवेत त्याहूनही अधिक. यावरून त्यांनी जाणले की, उष्णता राखण्याचे मुख्य काम तंतूंत अडकलेली हवा करते. मोकळी हवा फिरते व उष्णता वाहून नेते. अडकलेली हवा ते करू शकत नाही. या संशोधनासाठी १७९२ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक दिले.

आपल्याकडील घोंगडी याच तत्त्वावर ऊब देते. आषाढाच्या पावसात ती भिजली की हवेची जागा पाणी घेते आणि ऊब उणावते. गरम पाण्याच्या तांब्यांभोवती घोंगडी, भाताचे तूस, उसाचे पाचट गुंडाळून तापमान नोंदणारे विद्यार्थी रम्फर्ड यांच्याच वाटेने चालतात. मात्र तांबे, पाणी व आच्छादनाची जाडी सारखी ठेवली, तरच तुलना न्याय्य ठरते.

१७९० मध्ये म्युनिक येथे त्यांनी भिकाऱ्यांना सक्तीने उद्योगगृहात आणले. ही सक्ती आज आम्हांस खटकते. परंतु तेथे त्यांना गरम अन्न, उबदार खोल्या, कामाचा मोबदला आणि मुलांना शिक्षण मिळाले, हेही नोंदविले पाहिजे. राजर्षी शाहू महाराजांच्या वसतिगृहांनी घडलेल्या कोल्हापुरास हा क्रम परिचित आहे : आधी निवारा व भाकरी, मग विद्या.

१७९९ मध्ये लंडनची रॉयल इन्स्टिट्यूशन स्थापण्यात त्यांनी पुढाकार घेतला. मायकेल फॅरडे पुढे तेथेच घडले. २१ ऑगस्ट १८१४ रोजी पॅरिसजवळ रम्फर्ड यांचे निधन झाले. त्यांच्या आयुष्यातील सर्वच अनुकरणीय नाही. पण गरिबाच्या अंगावरचे पांघरूण हा विज्ञानाचा विषय आहे, ही त्यांची शिकवण आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य जपावी.