ग्रेगोर मेंडेल आणि सुरकुतलेला वाटाणा

अनुवंशशास्त्राचा जनक म्हणून जगन्मान्य झालेल्या ग्रेगोर मेंडेलचा जन्म १८२२ सालीं ऑस्ट्रियन साम्राज्यांतील हाइन्झेनडॉर्फ या खेड्यांत एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. हें गांव आज चेक प्रजासत्ताकांत आहे. त्याचें मूळचें नांव योहान. पुढें वडिलांस अपघात होऊन शेतीचें काम झेपेनासें झालें व मुलाचें शिक्षण थांबण्याची वेळ आली. तेव्हां धाकटी बहीण टेरेझिया हिनें आपल्या हुंड्यांतील कांहीं भाग भावास दिला. हें ऋण तो कधींहि विसरला नाहीं. कालांतरानें तिच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणास त्यानें हातभार लावला.

१८४३ सालीं ब्रून येथील सेंट थॉमसच्या मठांत प्रवेश करून त्यानें ग्रेगोर हें नांव धारण केलें. तो शाळेंत शिकवूं लागला. परंतु शिक्षकाच्या परीक्षेंत १८५० सालीं त्यास अपयश आलें. मठानें त्यास दोन वर्षें विएन्ना विद्यापीठांत पाठविलें; तरीहि १८५६ सालचा दुसरा प्रयत्न निष्फळ झाला. त्याच वर्षीं मठाच्या बागेंत त्यानें वाटाण्यावरील आपल्या प्रयोगांस आरंभ केला.

आठ वर्षांत त्यानें सुमारें २८,००० रोपें तपासलीं. गोल व सुरकुतलेल्या दाण्यांच्या जातींचा संकर केला असतां पहिल्या पिढीचे सर्व दाणे गोल निघाले. दुसऱ्या पिढींत मात्र ५,४७४ दाणे गोल व १,८५० सुरकुतलेले भरले, म्हणजे प्रमाण सुमारें तीनास एक. यावरून त्यानें ताडलें कीं, प्रत्येक गुणाचा एकेक घटक मातापित्यांकडून येतो. तो दुसऱ्यांत मिसळून नष्ट होत नाहीं, फक्त झांकला जातो.

१८६५ सालीं त्यानें हें संशोधन ब्रूनच्या निसर्गाभ्यासक मंडळापुढें वाचलें. पण त्याचें महत्त्व कोणासहि उमगलें नाहीं. १८६८ सालीं तो मठाधिपति झाला आणि ६ जानेवारी १८८४ रोजीं वारला. १९०० सालीं हॉलंडचा द व्रीस व जर्मनीचा कोरेन्स यांना स्वतंत्रपणें तोच नियम आढळला, तेव्हां कोठें जगास मेंडेलची आठवण झाली.

हे घटक काम कसें करितात, हें त्यास ठाऊक नव्हतें. आज आपणांस तें कळलें आहे. पेशींतील डी.एन.ए.मध्यें प्रत्येक प्रथिनाची कृति चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली असते. तिची नक्कल आर.एन.ए.च्या रूपानें निघते. रायबोसोम नांवाचे सूक्ष्म कण ती नक्कल तीन-तीन अक्षरांनीं वाचतात व त्या आज्ञेप्रमाणें एकेक अमिनो आम्ल जोडून प्रथिनाची माळ गुंफितात. १९९० सालीं इंग्लंडांत असें आढळलें कीं, सुरकुतलेल्या वाटाण्याच्या एका कृतींत सुमारें ८०० उपरीं अक्षरें घुसलेलीं आहेत. त्यामुळें पिष्टसत्त्वास फांद्या फोडणारें प्रथिन नीट बनत नाहीं. दाण्यांत साखर व पाणी अधिक सांचतें. म्हणून तो कोंवळा असतां गोड लागतो आणि वाळतांना अधिक आकसून सुरकुततो.

विद्यार्थिमित्रहो, दोनदां परीक्षेंत हरलेल्या या माणसानें सुरकुतलेला दाणाहि टाकाऊ मानला नाहीं; तो मोजला आणि लिहून ठेविला. त्या नोंदीचा अर्थ लागण्यास शतकाहून अधिक काळ लोटला, परंतु नीट केलेलें काम वाट पाहत थांबूं शकतें, हें मेंडेलच्या चरित्रावरून शिकण्यासारखें आहे.